आजी, झाली का?

अंबाजोगाईहून लातूरकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडे आत, बालाघाटच्या एका उतारावर असलेल्या वृद्धाश्रमात मी निवृत्तीनंतर आठवड्यातून दोनदा जाते. सरकारी रुग्णालयात परिचारिका म्हणून उभे आयुष्य गेल्यावर घरी बसून हात मोकळे ठेवणे जमेना, एवढेच त्याचे कारण. पहिल्या दिवशी तिथल्या व्यवस्थापकांनी मोठ्या अभिमानाने एक जाडजूड नोंदवही माझ्यापुढे ठेवली. रक्तदाब, साखर, ताप, जेवण असे रकाने तांबड्या शाईने आखलेले होते आणि शेवटचा रकाना होता ‘संडास’. त्यात प्रत्येक नावापुढे, प्रत्येक तारखेला बरोबरची खूण होती. महिनाभराची पाने उलटली तरी फुली कुठे सापडेना. छत्तीस म्हाताऱ्या माणसांची पोटे सबंध महिना रोज साफ होत आहेत, हे वाचून मला बरे वाटायला हवे होते. पण ज्या बाईने वॉर्डात रात्रपाळ्या काढल्या आहेत, तिचा इतक्या चांगल्या बातमीवर सहसा विश्वास बसत नाही.

ही खूण कशी पडते ते दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिले. चहाची किटली घेऊन मावशी दालनात शिरतात आणि एकेका खाटेशी थांबून, साऱ्या दालनाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारतात, “आजी, झाली का?” आजी डोक्यावरचा पदर सारखा करतात, शेजारच्या खाटेकडे एकदा पाहतात आणि म्हणतात, “झाली की.” पुरुषांच्या दालनात तर तेवढेही बोलणे होत नाही, मान हलते आणि खूण पडते. यात मावशींचा दोष आहे असे मला तेव्हाही वाटले नाही. चार माणसांत विचारलेल्या या प्रश्नाला दुसरे उत्तर देण्याची सोय आपल्याकडे कुणी ठेवलेलीच नाही.

मी विचारण्याची जागा बदलली आणि शब्दही बदलला. आवाज खाली आणून, खाटेच्या कडेवर बसून, हात हातात घेऊन विचारू लागले. ‘संडास’ हा शब्द आमच्या कितीतरी आजींच्या तोंडी नाही. त्यांच्यासाठी ते ‘परसाकडं’ असते, ‘झाडा’ असतो, ‘बाहेर जाऊन येणं’ असते. निवृत्त शाळामास्तर असलेले एक आजोबा ‘शौचास’ याखेरीज शब्द वापरत नाहीत आणि दुसरा शब्द ऐकला की त्यांचा चेहरा आक्रसतो. ज्याचा त्याचा शब्द सापडला की माणूस बोलू लागतो, आणि तो एकदा बोलू लागला की ‘हो’ आणि ‘नाही’ यांच्या मध्ये किती गोष्टी दबून राहिल्या होत्या ते कळते. एक आजी म्हणाल्या, “व्हती की माय, रोजच व्हती. पर कुतून कुतून जीव जायलाय, अन् लेंड्यावानी दोन खडे पडत्यात.” नोंदवहीच्या हिशेबाने या आजींची प्रकृती उत्तम होती.

बद्धकोष्ठता म्हणजे किती दिवस झाली नाही त्याचा हिशेब, अशी आपली समजूत आहे आणि ती पुरी खरी नाही. निरोगी माणूस दिवसातून तीनदा जाऊ शकतो आणि आठवड्यातून तीनदाही जाऊ शकतो. दोन्ही प्रकृतीला धरून आहे. पोटाच्या विकारांसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या रोम निकषांची 2016 साली आलेली चौथी आवृत्ती पाहिली तर आठवड्यातून तीनपेक्षा कमी वेळा होणे हे सहा लक्षणांपैकी केवळ एक आहे. उरलेली पाच अशी आहेत की ती कुणीतरी आपुलकीने विचारल्याखेरीज कळतच नाहीत: फार कुंथावे लागते का, खडा होतो का, होऊन गेल्यावरही आत काही राहिल्यासारखे वाटते का, वाटेत अडल्यासारखे वाटते का आणि शेवटी बोटाचा आधार घ्यावा लागतो का. चार खेपांमागे एकीपेक्षा अधिक वेळा असे होत असेल तर ते लक्षण धरायचे, आणि अशी दोन लक्षणे गेले तीन महिने असतील, त्यांची सुरुवात सहा महिन्यांपूर्वीची असेल, तर त्याला जुनी बद्धकोष्ठता म्हणायचे. बोटाचा आधार घेण्याविषयी मी जेव्हा पहिल्यांदा एका आजींना विचारले, तेव्हा त्या इतका वेळ गप्प राहिल्या की मला विचारल्याचा पश्चात्ताप होऊ लागला. मग त्या भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, “तुला कसं कळलं गं?” वर्षानुवर्षे ही गोष्ट आपल्या एकटीच्याच वाट्याला आली आहे, असे त्या मानत होत्या.

मात्र हे सगळे निकष ज्याला आपले आपल्याला सांगता येते त्याच्यासाठी आहेत. आमच्याकडच्या छत्तिसांपैकी काहींना आज कोणता वार आहे हेही ठाऊक नसते, आणि काहींना पक्षाघातानंतर शब्दच सापडत नाहीत. त्यांच्याकडून काय ऐकायचे? त्यांच्या बाबतीत विचारण्याऐवजी पाहावे लागते, आणि काय पाहायचे हे मला स्वतःच्या चुकीतूनच कळले.

एक आबा होते, कंबरेपासून खाली लुळे पडलेले, एरवी गोड स्वभावाचे. त्यांना पातळ होऊ लागले. दिवसातून पाच-सहा वेळा धोतर खराब व्हायचे, थोडे थोडे, तपकिरी पाण्यासारखे. मावशी वैतागल्या होत्या, आणि मीही फारसा विचार न करता ‘जुलाब लागले’ म्हणाले. फोनवरून डॉक्टरांनाही मी तेच सांगितले; त्यांनी माझ्या शब्दावर विसंबून जुलाब थांबवण्याची गोळी सांगितली. आबांचे जेवण तुटले, लघवी थेंबथेंब होऊ लागली आणि तिसऱ्या दिवशी ते भलतेसलते बोलू लागले, मेलेल्या भावाला हाका मारू लागले. डॉक्टर प्रत्यक्ष आले, त्यांनी पोटावर हात ठेवला, हातमोजा घालून गुदाशय तपासला आणि माझ्याकडे पाहिले. आत दगडासारख्या मळाचा गोळा अडकून बसला होता; त्याच्या वरचे पातळ मळ बाजूने वाट काढून झिरपत होते आणि त्यालाच मी जुलाब समजले होते. गोळ्याचा दाब मूत्राशयावर पडून लघवीही अडली होती. म्हणजे ज्याला बद्धकोष्ठतेचे उपचार हवे होते, त्याला मी पोट आणखी बांधणारे औषध मिळवून दिले होते. हे मी वॉर्डात शिकले नव्हते असे नाही. नव्या मुलींना शिकवलेही होते. पण खराब धोतर पुन्हा पुन्हा पाहून कंटाळलेल्या माणसाची नजर त्या धोतरापलीकडे जात नाही. आबा त्यातून सावरले. त्यांनी मला कधी बोल लावला नाही, कारण काय झाले होते हे त्यांना कळलेच नव्हते, आणि ते माझ्या मनाला अधिक लागते.

तेव्हापासून आश्रमात कुणालाही पातळ होऊ लागले की मी आधी मागच्या दहा दिवसांची पाने पाहते. खाटेला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाला अवचित थोडे थोडे पातळ होऊ लागणे, त्यावर त्याचा ताबा नसणे आणि त्याआधी काही दिवस नीट झालेले नसणे, या तीन गोष्टी एकत्र दिसल्या तर अडकलेला खडा आधी नाकारावा लागतो. पोटावर हात ठेवायला यंत्र लागत नाही. डावीकडे खाली, कमरेच्या हाडाच्या आतल्या अंगाला, साठलेला मळ बोटांना दोरखंडासारखा लागतो, आणि दाबले की कधी कधी मळलेल्या पिठासारखा खड्डा पडतो. गुदाशयाची तपासणी मात्र डॉक्टरांच्या सांगण्यावरून, आडोसा करून, माणसाला डाव्या कुशीवर वळवून, काय करणार आहोत ते सांगून आणि त्याची संमती घेऊनच करायची असते. ज्याला समजत नाही त्यालाही सांगायचेच. गुदाशय रिकामा लागला म्हणून पोट साफ आहे असे होत नाही, कारण गोळा आणखी वरही असू शकतो. आणि पोट फुगले आहे, उलट्या होत आहेत, वाराही सरत नाही असे असेल तर रेचक, एनिमा यांतले काहीही हाती न घेता गाडी बोलवायची असते, कारण आतडे कुठेतरी पुरते अडलेले असू शकते.

मळ पाहण्याविषयी बोलायचे तर आपल्याकडे त्याचे रूप सांगायला शब्दांची कमतरता कधीच नव्हती. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहराच्या नावाने ओळखला जाणारा एक तक्ता आहे, 1997 साली लुईस आणि हीटन यांनी मांडलेला. त्यात मळाच्या रूपाचे सात प्रकार चित्रांसह दिलेले आहेत. मी तो छापून मावशींना दाखवला तेव्हा त्यांनी पाच मिनिटांत त्याचे मराठी करून टाकले. पहिला शेळीच्या लेंड्या, दुसरा लेंड्या चिकटून झालेले ढेकूळ, तिसरा भेगा पडलेला, चौथा केळ्यासारखा मऊ, पाचवा तुटके मऊ गोळे, सहावा शेणाच्या काल्यासारखा आणि सातवा नुसते पाणी. पहिले दोन बद्धकोष्ठतेचे, तिसरा-चौथा बरा आणि त्यापुढे पातळाकडे झुकणारे. शेतात आणि गोठ्यात आयुष्य काढलेल्या बाईला हा तक्ता शिकवावा लागत नाही. जनावराचे पोट बिघडले की शेणावरून ओळखणे ती लहानपणीच शिकलेली असते.

कारणे शोधताना पुस्तकापेक्षा पिशवी अधिक उपयोगी पडते. आश्रमात येणारा प्रत्येक माणूस औषधांची एक प्लास्टिकची पिशवी घेऊन येतो. तीत लेकाने आणलेली, लेकीने आणलेली, गुडघ्याच्या डॉक्टरांची, हृदयाच्या डॉक्टरांची आणि औषधाच्या दुकानातून तोंडी सांगून घेतलेली औषधे एकत्र नांदत असतात. गुडघ्यासाठी ट्रामाडॉल, रक्त वाढावे म्हणून लोहाच्या गोळ्या, हाडांसाठी कॅल्शियम, झोपेसाठी किंवा मुंग्यांसाठी अमिट्रिप्टिलिन, कंपवातासाठी ट्रायहेक्सिफेनिडिल, खोकल्यासाठी कोडीन असलेले सरबत: यांतले एकेक औषध आतड्याची चाल मंदावते किंवा मळ कोरडा करते, आणि त्यांतली तीन एकाच पोटात गेली की काय होणार ते सांगायला नको. म्हणून मी विचारते, पोट आधी बिघडले की गोळी आधी सुरू झाली? गोळी मी बंद करत नाही, तो अधिकार माझा नाही. पण पिशवीतली यादी तारखांसह लिहून डॉक्टरांच्या हाती देते. मधुमेह, थायरॉइडची कमतरता, रक्तातले पोटॅशियम उतरणे यांचाही हात असतो. कंपवाताची तर गंमतच आहे, हाताला कंप सुटण्याच्या कितीतरी वर्षे आधी पोट जड झालेले असू शकते.

पाण्याची गोष्ट आमच्या भागात निराळी सांगावी लागते. 2016च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ते साऱ्या देशाने पाहिले. पण त्याआधी आणि त्यानंतरही टँकरची वाट पाहत घागरी मोजण्यात ज्यांची हयात गेली, त्यांना पाणी घटाघट पिण्याची सवय नसते. तांब्यातले अर्धे पाणी ठेवून देणे हा त्यांच्या हाताचा धर्म झालेला असतो. त्यात म्हातारपणी तहान मुळातच मंदावते. आणि रात्री उठावे लागू नये, अंधारात पडू नये, कुणाला उठवावे लागू नये म्हणून संध्याकाळनंतर पाणी न पिणारे तर जवळजवळ सगळेच. नुसते पाणी वाढवून जुनी बद्धकोष्ठता जात नाही, हेही मला ठाऊक आहे. पण ज्याच्या पोटात पाणी कमीच जाते त्याच्याबाबत आधी ते मोजावे लागते. विशेषतः इसबगोल देण्यापूर्वी. पाण्याशिवाय घेतलेला इसबगोल आत फुगून घट्ट बसतो, आणि आधीच खडा अडकलेल्या माणसाला कोंडा-भुसा वाढवून देणे म्हणजे बंद दारामागे आणखी सामान रचणे आहे. एरंडेलाचा आग्रह धरणारे नातेवाईकही येतात. त्यांना मी चहा देते आणि विषय बदलते.

जेवणाबाबत व्यवस्थापकांशी माझे थोडे वाजले. ज्वारीची भाकरी, अंबाडीची किंवा पातरीची भाजी, तुरीचे वरण यांवर वाढलेली ही माणसे आश्रमात आल्यावर दात नाहीत म्हणून खिचडी, दूधभात आणि चहात बुडवलेले बिस्किट यांवर आली. शिवाय वाढदिवस आश्रमात साजरा करण्याची जी नवी प्रथा आहे, तिच्यामुळे आठवड्यातून दोनदा जिलेबी आणि बिस्किटांचे पुडे येतात. दात्यांना नाही म्हणायचे कसे, हा व्यवस्थापकांचा प्रश्न खराच होता. आता आम्ही पपई आणा असे सांगतो, आणि ज्वारीच्या कण्या मऊ शिजवून ताकाबरोबर देतो. कण्या पाहून एका आजींच्या डोळ्यांत पाणी आले. ते पोटासाठी नव्हते.

सर्वांत जास्त शिकवले ते मात्र संडासाच्या खोलीने. म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांची सोय म्हणून आश्रमात सगळीकडे उंच कमोड बसवले आहेत, आणि ते योग्यच आहे. पण ही पिढी जन्मभर उकिडवी बसलेली. गुदाशयाच्या तोंडाशी मागून वेढा घालून त्याला पुढे ओढून धरणारा एक स्नायू असतो; उकिडवे बसले की तो सैल पडतो आणि वाट सरळ होते, खुर्चीसारखे बसले की वाट वाकडीच राहते. आमच्या ठेंगण्या आजी कमोडवर बसल्या की त्यांचे पाय अधांतरी लोंबत असत. पायच टेकत नाहीत तर कुंथायला जोर कुठून येणार? सुताराकडून जेवायच्या पाटासारखे, पण थोडे उंच आणि न घसरणारे पाट करून घेतले आणि पायांखाली ठेवले. गुडघे कमरेच्या वर आले, अंग थोडे पुढे झुकले आणि निम्म्या जणींची तक्रार औषधावाचून हलकी झाली. ज्यांना तोल सांभाळत नाही त्यांच्यापाशी मात्र कुणी तरी उभे राहावे लागते. दुसरी गोष्ट दाराच्या कडीची. आतून कडी लावली तर पडल्यावर दार उघडता येणार नाही, म्हणून कड्या काढून टाकल्या होत्या. परिणामी प्रत्येक जण खाकरत, घाईने उरकून बाहेर येत असे. आता दाराला पडदा आहे आणि बाहेर अडकवायला तांबडे फडके आहे.

तिसरी गोष्ट वेळेची. पोटात काही गेले की मोठे आतडे हलू लागते आणि सकाळच्या चहा-नाश्त्यानंतरचा अर्धा तास त्यासाठी सर्वांत चांगला असतो. आश्रमात नेमकी तीच आंघोळीची वेळ होती. बंब पेटलेला, ओळ लागलेली, आणि ज्याला कळ आली तो नंबर जाईल म्हणून दाबून धरणारा. दाबून धरणे आमच्या बायकांना शिकवावे लागत नाही. घराघरांत संडास येण्यापूर्वीच्या काळात त्या पहाटे अंधारात नाहीतर दिवेलागणीनंतर बाहेर जात. दिवसभर शेतात कळ आली तरी आडोसा नाही म्हणून मारून टाकत. चाळीस-पन्नास वर्षे ज्या शरीराची हाक ऐकायचीच नाही असे ठरवले, ते शरीर पुढे हाक मारणेच सोडून देते. हे कुठल्याही नोंदवहीत मावत नाही, पण एखाद्या आजींच्या जुन्या बद्धकोष्ठतेचा इतिहास लिहायला बसले की तो मला नेहमी गावाबाहेरच्या त्या बाभळीपाशीच नेऊन सोडतो.

ज्या आजींना काही सांगता येत नाही, त्यांच्यासाठी आम्ही वेगळी खूणगाठ बांधली आहे. एक आजी दुपारी एकाएकी लुगडे ओढू लागतात, जेवणाचे ताट सारतात, हाताला चावायला येतात. पूर्वी त्याची नोंद ‘डोक्यावर परिणाम’ अशी होत असे आणि शांत राहण्याची गोळी दिली जाई, जी स्वतःच पोट बांधते. आता अशा दिवशी आधी पोट पाहायचे, लघवी पाहायची, मागची नोंद पाहायची, आणि मग डोक्याचा विचार करायचा असा नियम आहे. प्रत्येक वेळी उत्तर पोटातच सापडते असे नाही. अनेकदा सापडते.

नोंदवही आता मावशीच लिहितात. बरोबरची खूण बंद झाली. किती वाजता, कोणत्या प्रकारची, किती, कुंथावे लागले का, आपण होऊन झाली की औषधाने, एवढे त्यांच्या अक्षरात असते. “नंबर दोन, थोडी, लई कुतली, पाट दिला” अशी एक ओळ डॉक्टरांना माझ्या दहा वाक्यांपेक्षा अधिक सांगते. परवा मी दालनात शिरले तेव्हा लेंड्यांची तक्रार करणाऱ्या त्याच आजींनी माझा हात धरून, सगळ्यांच्या देखत, खणखणीत आवाजात विचारले, “बाई, तुला झाली का आज?” मी क्षणाचाही विचार न करता “झाली की” म्हणाले. झालेली नव्हती.

सध्या माझे लक्ष एका नव्या आजींकडे लागले आहे. त्या दिवाळीनंतर आल्या. जन्मभर पोटाची काही तक्रार नव्हती असे त्या आणि त्यांची लेक दोघीही सांगतात. गेल्या दोन-अडीच महिन्यांत मात्र मळ अडतो आहे, वजन उतरले आहे आणि मावशींनी दोनदा ‘तांबडं दिसलं’ असे लिहिले आहे. जुन्या सवयीची बद्धकोष्ठता आणि उतारवयात नव्याने आलेली बद्धकोष्ठता यांना एका मापाने मोजता येत नाही. रेचक देऊन वाट पाहण्यात अर्थ नव्हता. डॉक्टरांनी रक्त तपासले, ते कमी निघाले, आणि आतड्याची दुर्बिणीने तपासणी करण्यासाठी त्यांना लातूरला पाठवले आहे. जाताना त्यांनी विचारले, “मूळव्याधच आसंल ना बाई?” मी त्यांच्या पिशवीत नोंदवहीच्या पानांची नक्कल नीट घडी घालून ठेवली आणि लेकीला सांगितले की डॉक्टरांनी विचारण्याची वाट पाहू नका, ही आधी दाखवा.